धरणातलं जहाज

माझ्या वडिलांना टीव्हीवर बोलायचं होतं. दिसायचं नव्हतं, बोलायचं होतं. हा फरक त्यांनी मला इतक्या वेळा समजावून सांगितला आहे की झोपेतून उठवून विचारलं तरी मी सांगेन. नाशिक रोडच्या छापखान्यात त्यांनी पस्तीस वर्षं नोकरी केली, आणि त्यातली तीस वर्षं तिथल्या कामगारांच्या हौशी नाटकमंडळीत ते प्रॉम्प्टर होते. विंगेत स्टुलावर बसायचं, मांडीवर वही घ्यायची आणि अडलेल्या नटाला त्याचं वाक्य कुजबुजून सांगायचं. एकाही नाटकात त्यांना काम मिळालं नाही. आपल्याइतका चांगला प्रॉम्प्टर दुसरा नव्हता म्हणून, असं ते सांगतात. आवाज चिरका आहे म्हणून, असं आई सांगायची.

या कामाने त्यांना एक खोड लावली. समोरचा माणूस बोलताना जरा थांबला की पुढचा शब्द हे पुरवतात. आई गेल्यापासून ते माझ्याकडे राहतात, म्हणजे गेल्या सहा वर्षांत घरात माझं एकही वाक्य मी एकटीने पूर्ण केलेलं नाही. सिलिंडरवाला दारात "मॅडम, आज..." म्हणतो आणि हे आतून "सुटे नाहीत" म्हणतात. डॉक्टर "तुमची साखर" म्हणून कागद बघायला लागले की हे "वाढली आहे" सांगून मोकळे होतात. ती वाढलेली असतेच, हा भाग वेगळा.

मी शाळेत मराठी शिकवते आणि सुट्ट्यांमध्ये मुलांसाठी गोष्टी लिहिते. त्यातून दोन वर्षांपूर्वी एका मालिकेचं काम माझ्याकडे आलं. समुद्री चाच्यांची जुनी, जगभर वाचली गेलेली एक परदेशी गोष्ट आहे, त्यात नकाशा, बेट, पुरलेला खजिना, एकमेकांच्या जिवावर उठलेले खलाशी असं सगळं आहे, ती मराठी मुलांसाठी करायची होती. बंदर कोकणातलं, चाचे कोकणातले आणि संवाद माझे. मी हुरळून हो म्हटलं. मग वाहिनीच्या सूचना यायला लागल्या. चाच्यांनी दारू पिऊ नये. मी त्यांच्या हातात कोकम सरबत दिलं. चाच्यांनी शिव्या देऊ नयेत. मी 'अरे गाढवा'वर भागवलं. सापडलेला खजिना त्यांनी गावातल्या शाळेच्या इमारतीसाठी द्यावा. तेव्हा मात्र मी दोन दिवस फोन उचलला नाही आणि तिसऱ्या दिवशी मुकाट्याने शाळेची इमारत लिहून दिली.

चित्रीकरण समुद्रावर होणार नव्हतं. "समुद्राची फार कटकट असते, मॅडम," व्यवस्थापक म्हणाला. जेवणापासून जहाजापर्यंत सगळं हाच माणूस बघायचा. "भरती काय, ओहोटी काय. सीन अर्धा झाला की पाणी गायब. धरण कसं, आहे तिथे असतं." म्हणून शहराबाहेरच्या धरणाचा काठ ठरला. कॅमेरा खाली ठेवला की पलीकडचे डोंगर दिसत नाहीत आणि पाण्याला अंत नाही असं वाटतं. जहाज बांधलं ते गणेशोत्सवात मंडळांची आरास करणाऱ्या एका कारागिराने. खाली प्लास्टिकची पिंपं, वर लाकडी सांगाडा, त्यावर प्लायवूड. हाताच्या सवयीने त्याने जहाजाच्या तोंडावर दोन मोर रंगवले होते, ते मी पुसायला लावले. बाकी काम चोख होतं. पुढून पाहिलं तर जहाज, मागून पाहिलं तर शिडी लावलेला मांडव. ते काठावरच उभं होतं. ज्या दिवशी त्याचा प्रसंग, त्या दिवशी ट्रॅक्टरने ओढून पाण्यात घालायचं होतं.

त्या जहाजावर एक म्हातारा कप्तान असतो. त्याचं काम करणाऱ्या मुंबईच्या नटाच्या तारखा फिसकटल्या. दिग्दर्शक, तिशीतला शांत माणूस, संवाद वाचायला आमच्या घरी आला तेव्हा दार बाबांनी उघडलं. त्यांनी पंधरा दिवस दाढी केलेली नव्हती, आणि तो योगायोग नव्हता. चहा पिताना दिग्दर्शक त्यांच्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "काय चेहरा आहे."

बाबांनी विचारलं, "वाक्यं किती आहेत?"

चार पानं होती. पाचव्या भागात कप्तान जहाजावर उभा राहून आपल्या माणसांचा निरोप घेतो, तेव्हा तो एकटाच चार पानं बोलतो. बाबांनी ती दोन दिवसांत पाठ केली आणि तिसऱ्या दिवशी माझ्यामागे लागले की जमलं तर अजून एक पान वाढव. मग उरलेल्या सगळ्या भागांतली सगळ्यांची वाक्यंही पाठ केली. कशाला, असं मी विचारलं. "लागतं," म्हणाले.

लागलं ना. त्यांचा प्रसंग सगळ्यात शेवटी होता, पण ते पहिल्या दिवसापासून माझ्या आधी गाडीत जाऊन बसायचे. कॅमेऱ्यामागे खुर्ची टाकून दिली की प्रत्येक नटाचं वाक्य त्याच्या आधी अर्धा क्षण ओठांत म्हणायचे, आणि कोणी श्वास घ्यायला थांबला की पुढचा शब्द पुरवायचे. त्यांची कुजबुज तीस वर्षं रंगमंचाच्या दुसऱ्या टोकापर्यंत पोचलेली, ती माइकला ऐकू येणार नाही का? एका सकाळी सहा वेळा तोच प्रसंग पुन्हा घ्यावा लागला. ध्वनिमुद्रण करणारा कानावरचे हेडफोन काढून माझ्याकडे बघायला लागला, आणि दिग्दर्शक फार गोड आवाजात म्हणाला, "मॅडम, बाबांना जरा..."

"गाडीत बसवा," बाबांनी वाक्य पूर्ण केलं आणि स्वतःच उठून गेले. मला हसावं की डोकं आपटून घ्यावं ते कळेना.

जहाजाचा प्रसंग मंगळवारी ठरला होता. रविवारी सकाळी बाबांनी पंचांग उघडलं आणि मंगळवारी अमावस्या निघाली.

"अमावस्येला कोणी नौका पाण्यात घालतं का?"

"बाबा, ती नौका नाही. प्लायवूड आहे."

"पाण्यात घालायची म्हटल्यावर नौकाच."

त्यांनी त्र्यंबकेश्वरच्या ओळखीच्या गुरुजींना फोन लावला. बुधवारी दुपारपर्यंत अमावस्येची शेपटी होती. गुरुवारी दक्षिणेला जाणं वर्ज्य, आणि जहाजाचं तोंड नेमकं दक्षिणेला. शुक्रवारी सकाळी नऊ चाळीस उत्तम. मला वाटलं मंडळी हसतील. पण व्यवस्थापक रोज कॅमेऱ्याला हार घालून नारळ फोडणारा, त्याने ऐकता क्षणी कार्यक्रम बदलून शुक्रवार केला, वर बाबांच्या पाया पडला. बाबा त्या दिवसांत नीट जेवत नव्हते, रात्री उठून पाणी पीत होते. ते घाबरले होते, आणि घाबरलेला माणूस पंचांग उघडतो, हे मला आता कळतं. तेव्हा मी फक्त चिडले होते.

चिडायला कारणही होतं. सोमवारच्या पेपरात आतल्या पानावर चार ओळींची बातमी होती, की बुधवारी सकाळपासून शेतीसाठी आवर्तन सोडणार. आवर्तन म्हणजे धरणातून कालव्यांना पाणी द्यायचं. नाशिकमध्ये हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मी ते कात्रण घेऊन व्यवस्थापकाकडे गेले. "मॅडम," तो म्हणाला, "धरण आहे. बादली आहे का लगेच रिकामी व्हायला?" मी बाबांकडे गेले. "पाणी उतरायला आठवडे लागतात," ते म्हणाले, "माझा जन्म नाशिकमध्ये गेला." माझाही तिथेच गेला आहे, पण ते वाक्य मला पुरं करू दिलं नाही.

शुक्रवारी सकाळी आम्ही पोचलो तर पाणी दीडशे पावलं मागे गेलेलं. धरण मोठं असतं, पण काठ सपाट असला की पाणी हातभर उतरलं तरी जमीन उघडी पडत जाते. जहाज आणि पाणी यांच्यामध्ये काळा, चकाकणारा चिखल पसरला होता. गुरुजींनी पूजा केली, नारळ फुटला, आणि नऊ चाळीसला ट्रॅक्टरने जहाज ओढलं. चाळीसेक पावलं गेलं. मग पिंपं रुतली, मग ट्रॅक्टरचं मागचं चाक रुतलं, मग त्या ट्रॅक्टरला ओढायला दुसरा आणला तो काठावरच घसरायला लागला. जहाज एका अंगावर कललं आणि तसंच राहिलं. "मुहूर्त मात्र अचूक साधला," असं म्हणून गुरुजी पुढच्या पूजेला निघून गेले.

दिग्दर्शक मला बाजूला घेऊन म्हणाला, "मॅडम, आज शेवटचा दिवस आहे. कप्तानाचा प्रसंगच काढून टाकूया. तो वारल्याची बातमी येते असं करा. दोन वाक्यांत होईल."

खोटं कशाला बोलू, एक क्षण मला बरं वाटलं. म्हटलं, भोगा आता आपल्या कर्माची फळं. बाबा थोडं पलीकडे प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते. अंगावर मखमली कोट, दाढीला अजून एक दाढी चिकटवलेली, भुवया रंगवलेल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. जगातल्या प्रत्येकाला पुढचा शब्द पुरवणारा माणूस काहीच बोलत नव्हता. ओठ तेवढे हलत होते. चार पानं चालू होती.

मी जवळ जाऊन म्हटलं, "बघितलात तुमचा मुहूर्त?"

"हो," ते म्हणाले. एवढंच.

भांडले असते तर मी ती बातमीची दोन वाक्यं लिहून दिली असती. ते भांडले नाहीत, म्हणून मला विचार करावा लागला. मी चिखलात कललेल्या त्या जहाजाकडे बघत राहिले आणि लक्षात आलं की ओहोटीला जहाज असंच दिसतं. जी ओहोटी टाळायला आम्ही समुद्र सोडून इथे आलो, ती आम्हाला आवर्तनाने आणून दिली होती. मी जेवणाच्या क्रेटवर बसून अर्धं पान लिहिलं. ओहोटीत जहाज अडकलं आहे, खलाशी सोडून चालले आहेत, कप्तान एकटाच वर उभा आहे. तो म्हणतो, 'ज्यांना जायचं त्यांनी चालत जा, आज पायाखाली जमीन आहे. मी थांबतो. भरती येईल तेव्हा जहाजावर कोणीतरी असायला हवं.' अजून चारपाच वाक्यं होती. दिग्दर्शकाने वाचलं आणि माझ्या हातावर टाळी दिली. बाबांनी वाचलं आणि विचारलं, "चार पानांचं एवढंच?"

"एवढं तरी उरलंय," मी म्हणाले. माझं ते बोलणं मला आजही टोचतं.

आता आवाजाची अडचण आली. पाणी मागे गेलं तशा शेतकऱ्यांनी आपल्या पाणी उपसायच्या मोटारी खाली नव्या काठावर आणल्या होत्या. आमच्या जहाजाच्या पलीकडे पाचसहा मोटारी घरघरत होत्या. मी चपला हातात घेऊन चिखलातून तिथवर गेले आणि तिथल्या शेतकऱ्याला विनवलं, अर्धा तास मोटार बंद ठेवता का.

"नाय जमायचं, ताई," तो म्हणाला. "लाइट दोन वाजंपर्यंतच हाय. कांदा सुकून चाललाय. तुमचं जहाज काय, उद्याबी हितंच ऱ्हाईल."

त्याचं काहीही चुकत नव्हतं. मी पोटरीपर्यंत भरलेले पाय घेऊन परत आले.

बाबा शिडीने वर चढले. उतरत्या फळीवर एक पाय वाकवून उभे राहिले, आणि बोलले. एकदाच घ्यावं लागलं. आवाज चिरकाच होता, आईचं बरोबर होतं, पण मी तो आवाज जन्मात पहिल्यांदा मोठ्याने ऐकत होते. भरतीचं वाक्य त्यांनी इतकं सावकाश म्हटलं की शेवटी शब्द आणि शब्द यांच्यामध्ये मोटारींची घरघर ऐकू आली. मला रडू आलं. त्या माणसाचा भयंकर राग आलेला असताना त्याच्याचसाठी रडू आलं, म्हणून आणखी राग आला. मंडळींनी टाळ्या वाजवल्या. ध्वनिमुद्रण करणाऱ्याने मात्र मान हलवली. "सगळी मोटारच आली आहे," तो म्हणाला. "आवाज नंतर मुंबईला स्टुडिओत भरून घेऊ. फोन करतो."

त्या फोनची बाबांनी दोन महिने वाट पाहिली. रोज हळदीच्या पाण्याच्या गुळण्या. दही बंद, चिंच बंद, केळं बंद. न्हाणीघरात नळ सोडून तालीम. कॉलनीत जो भेटेल त्याला ते सांगायचे की आता फक्त आवाज राहिला आहे. मी शाळेतून आले की चपला काढायच्या आधी विचारायचे, "आला का?" मी नाही म्हणायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. साठ दिवस रोज तोच प्रश्न ऐकून दाखवावा एखाद्याने, मग माझ्याबद्दल मत करावं.

फोन आला तेव्हा मी शिक्षकखोलीत वार्षिक परीक्षेचे पेपर तपासत होते. "उद्या सकाळी दहाला बाबांना मुंबईला आणाल का? उद्याच जमेल, नाहीतर आमच्याकडे एक आवाज देणारे आहेत, ते पंधरा मिनिटांत करून टाकतील." माझ्यासमोर दोन वर्गांचे गठ्ठे होते. रजा मालिकेतच संपल्या होत्या. बाबांना घाटात गाडी लागते. आणि खरं सांगायचं तर मला त्यांच्याबरोबर चार तास जायचं आणि चार तास यायचं नव्हतं. मी म्हटलं, "त्यांना नाही जमायचं. तुम्ही लावा दुसरा आवाज." अर्ध्या मिनिटात फोन संपला आणि मी पुढचा पेपर घेतला.

घरी गेले तेव्हा त्यांनी विचारलं, "आला का?"

मी नाही म्हणाले. त्या दिवशी त्यांना वाईट वाटेल म्हणून सांगितलं नाही, दुसऱ्या दिवशी आदल्या दिवशी सांगितलं नव्हतं म्हणून. पुढे मग रोजच सोपं होत गेलं.

पाचवा भाग एका रविवारी सकाळी लागला. कॉलनीतली दहाबारा माणसं आमच्याकडे जमली होती. बाबांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. फोन आलाच नाही, म्हणजे चिखलात घेतलेलाच आवाज त्यांना चालला, अशी त्यांनी स्वतःची समजूत काढली होती आणि सगळ्यांना तसं सांगितलंही होतं. मी चहाचं निमित्त करून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले.

जहाज दिसलं. खरंच छान दिसत होतं. मग त्यांचा चेहरा आला, पडदाभर, आणि त्यातून एक भारदस्त, घोटीव आवाज आला. खोल विहिरीतून यावा तसा. एकही मोटार नाही, मागे लाटांचा आवाज भरलेला. वीसेक सेकंदांत संपलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगंबाई, आवाज काय भरलाय तुमचा टीव्हीत."

बाबा हसले. सगळे गेल्यावर त्यांनी टीव्ही बंद केला आणि मला विचारलं, "टीव्हीत आवाज असा बदलतो का गं?"

तेव्हा सांगता आलं असतं. ते खरंच विचारत होते आणि थांबलेही होते. पुढचा शब्द त्यांनी पुरवला नाही, माझ्यासाठी ठेवला.

"हो," मी म्हणाले. "यंत्राने जाड होतो."

"तरीच," ते म्हणाले. "पण जाड झाला तरी तो आपलाच असतो."

त्यांनी तो भाग मोबाइलवर उतरवून घेतला आहे. रोज दुपारी ऐकतात आणि बरोबरीने म्हणतात. हळूहळू त्यांचा आवाज खाली जायला लागला. आता ते फोनवर तसंच बोलतात, दूधवाल्याशी तसंच, माझ्याशीही तसंच. घसा ताणून, छातीतून, शब्द घोळवत. त्याने खोकला येतो, पण ऐकत नाहीत. दूधवाल्याने मला जिन्यात गाठून विचारलं की बाबांना सर्दी झाली आहे का. मी हो म्हणाले.

फक्त सकाळी, पुरते जागे व्हायच्या आधी, एकदोन शब्द त्यांच्या जुन्या आवाजात येतात. म्हणून हल्ली त्यांना उठवायला मीच जाते. दारात उभी राहून विचारते, "बाबा, चहा ठेवू का?" आणि ते डोळे मिटलेलेच, त्या चिरक्या आवाजात म्हणतात, "ठेव."